प्रदर्शनातील अपुरी मोटार

जुन्या मोटारींच्या मेळाव्यास जाणाऱ्या प्रेक्षकाची पावले सामान्यतः ठराविक वाटेनेच पडतात. आधी तो एखाद्या संस्थानिकाच्या रोल्स-रॉइसपाशी थांबतो, तिच्या पितळी दिव्यांत स्वतःचे वाकडेतिकडे प्रतिबिंब पाहतो, मुलांना शेजारी उभे करून छायाचित्र घेतो आणि पुढच्या झळझळीत गाडीकडे वळतो. एकेका गाडीपाशी दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ मोडत नाही. कारण जिच्यात काही न्यून नाही तिच्याविषयी विचारावयाचे तरी काय? मैदानाच्या कडेला मात्र कधीकधी निराळेच दृश्य दिसते. तेथे तांबड्या ऑक्साइडचा एक हात दिलेली, पुढचा बंपर नसलेली, आत आसनांच्या जागी दोन लाकडी खोकी ठेवलेली एक गाडी उभी असते आणि तिच्याभोवतीचा घोळका अर्धा-अर्धा तास हलत नाही. कोणी वाकून खालचा सांगाडा पाहतो, कोणी इंजिनावर हात ठेवतो, तर कोणी मालकाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात काहीतरी समजावीत असतो.

अशी अपुरी गाडी चारचौघांत न्यावी की नाही, हा प्रश्न आता पुष्कळ घरांतून विचारला जाऊ लागला आहे. बहुतेकांचे पहिले उत्तर ‘नको’ असेच असते. रंग होऊ द्या, गाद्या बसू द्या, मग पाहू, असे म्हणून गाडी पुन्हा ताडपत्रीखाली जाते. हा संकोच समजण्यासारखा आहे. तथापि आपल्याकडे प्लास्टर होण्याआधीच वास्तुशांत उरकून राहावयास जाणारी कुटुंबे काही थोडी नाहीत आणि त्यांच्या घरी जेवावयास गेलेल्या पाहुण्यांनी कधी भिंतींना नावे ठेवल्याचे ऐकिवात नाही.

हा प्रश्न आजच का उद्भवला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ साली जुन्या मोटारींची फेरी सुरू केली आणि १९६८ साली ती कोलकात्यातही निघू लागली. त्या काळी अशा फेऱ्यांत दिसणाऱ्या गाड्या प्रामुख्याने राजेरजवाड्यांच्या किंवा मोठ्या व्यापारी घराण्यांच्या असत. त्यांच्या दिमतीला चालक असत, पदरी कारागीर असत. गाडी बिघडली तर विलायतेहून सुटे भाग मागविले जात. मध्यमवर्गीय माणूस त्या फेरीकडे पदपथावरून पाहत असे.

आज तोच माणूस स्वतः गाडीचा मालक म्हणून मैदानात आला आहे. त्याची गाडी साधी आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेली फियाट, उत्तरपाड्याची अँबेसेडर, मद्रासेस १९६१ पासून बनू लागलेली स्टँडर्ड हेरल्ड, किंवा महिंद्रांची जीप, अशा ह्या गाड्या. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणीची सोय केली. अशा वाहनाच्या नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे टिकते. ‘पद्मिनी’ हे नाव फियाटला १९७४ साली मिळाले. म्हणजे ज्या गाडीने कित्येकांना लग्नघरी, प्रसूतिगृही आणि परीक्षेच्या केंद्रावर पोहोचविले, ती आता ऐतिहासिक वस्तूंच्या रांगेत जाऊन बसली आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली, तेव्हा तिला निरोप देणारे लेख वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर आले होते.

राजवाड्यातील गाडी आणि ह्या गाड्या यांत एक मोठा भेद आहे. राजवाड्यातील गाडी जपून ठेवलेली असे. मध्यमवर्गाची गाडी मात्र पुरेपूर वापरली गेली, मग थकली, आणि विकावयास मन होईना म्हणून आंब्याखाली किंवा इमारतीच्या मागच्या बोळात उभी राहिली. तिच्या मागील आसनावर कोंबडीने अंडी घातली, डिकीत उंदरांनी संसार थाटला. वडील गेले, मुले परगावी गेली, आणि एखाद्या सुटीत नातू ताडपत्री उचलून पाहतो तेव्हा तिचे पुनरुज्जीवन करण्याची कल्पना घरात शिरते. ती शिरते ती बहुधा एकट्या नातवाच्या डोक्यात. बाकीच्यांना अंगण मोकळे व्हावे एवढेच वाटत असते.

येथून पुढे जे घडते ते फार ठिकाणी एकसारखे आहे. पहिल्या उत्साहात गाडी संपूर्ण खोलली जाते. दरवाजे एका खोलीत, इंजिन दुसऱ्या गावी मिस्त्रीकडे, दिवे माळ्यावर. नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत भरले जातात आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावावयाच्या राहून जातात. सहा महिन्यांनी कोणता बोल्ट कोठला हे कोणालाच आठवत नाही. पत्र्याचे काम करणारा कारागीर आगाऊ पैसे घेऊन गावी जातो. क्रोमच्या मुलाम्याचा भाव ऐकून यजमान खाली बसतात. ह्या अवस्थेत अनेक गाड्या वर्षानुवर्षे पडून राहतात आणि शेवटी पोत्यांतून भंगारवाल्याकडे जातात. त्यांना गंजाने मारले नाही. ‘पूर्ण झाल्यावर बाहेर काढू’ ह्या निश्चयाने मारले, असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणूनच, गाडी एकदम न खोलता एकेक अंग दुरुस्त करीत जावे आणि मधल्या काळात ती स्वतःच्या चाकांवर उभी ठेवावी, असे अनुभवी लोक सांगतात. अशा कामाला मेळाव्याची तारीख फार उपयोगी पडते. ‘कधीतरी’ करावयाचे काम ‘पुढल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारपर्यंत’ करावयाचे झाले की मिस्त्रीकडचे फेरे वाढतात, शेजाऱ्याचा मुलगा मदतीस येतो, आणि निदान ब्रेक तरी लागू लागतात.

परंतु तारीख हा झाला लहान लाभ. मोठा लाभ माणसांचा आहे. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका उपनगरात रविवारी सकाळी भरलेल्या छोट्या मेळाव्यात प्रस्तुत लेखकाने पाहिलेला एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. भाऊ-बहीण मिळून आजोबांची फियाट घेऊन आले होते. ती १९५० नंतरच्या दशकातील, गोलमटोल नाकाडामुळे मुंबईकरांनी जिला प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले त्या घाटाची. तिचे पुढचे दरवाजे आजच्या रीतीच्या उलट, पुढून उघडणारे. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबाला. आत तळाचा पत्रा उघडा, एका खिडकीला काच नाही. पंचाहत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ बराच वेळ गिअरच्या दांडीकडे पाहत उभे होते. अखेर त्यांनी मुलाला विचारले, “बाळ, गिअर टाकताना अडतो ना रे?”

“हो काका. दोन मिस्त्रींनी गिअरबॉक्स उघडायला सांगितलाय.”

“गिअरबॉक्सला हात लावू नकोस. त्याचा काही दोष नाही. तू खाली ये, दाखवतो.”

आणि ते वयोवृद्ध गृहस्थ, बहीण ‘काका, कपडे खराब होतील’ म्हणत असताना, वर्तमानपत्र अंथरून गाडीखाली सरकले. दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत गती नेणाऱ्या सळ्यांच्या सांध्यांतील बुश झिजल्याने सगळीकडे थोडी थोडी ढिलाई आली होती. ती सारी मिळून दांडी जागेवर पोहोचत नव्हती. लेथवर नवे बुश कोणीही करून देईल, असे त्यांनी सांगितले आणि मापे कोठून घ्यावयाची हेही दाखविले. ते कुर्ल्याच्या कारखान्यात फिटर होते. ‘गाडी छान झाली की बोलवा’ असे सांगून ते गेले.

हीच गाडी रंगवून, गालिचे अंथरून, गाद्या बसवून आणली असती तर त्या गृहस्थांनी काय केले असते? तिला एक प्रदक्षिणा घालून ‘वा, छान ठेवलीत’ म्हणून ते पुढच्या गाडीकडे वळले असते. झाकलेल्या गाडीला कोणी सल्ला देत नाही. तो देणे अपमानाचे वाटते. उघडी गाडी मात्र स्वतःच मदत मागते.

ही मदत करू शकणारी माणसे आता झपाट्याने कमी होत आहेत. प्रीमियरची पद्मिनी २००० सालच्या सुमारास बंद झाली. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. ह्या कारखान्यांतील कामगार, त्यांच्या गाड्या दुरुस्त करणारे रस्त्याकडेचे मिस्त्री, त्या रात्रंदिवस चालविणारे टॅक्सीवाले, ह्यांच्या हातांत जे ज्ञान आहे ते कंपनीच्या इंग्रजी पुस्तिकेत सगळे सापडत नाही. कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून मिश्रण पातळ आहे की दाट हे सांगणारा कान, किंवा हेरल्डचे पुढे उलटणारे बॉनेट एकट्याने बिजागरीवर बसविण्याची खुबी, ही लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटली नाही. गाडी पूर्ण व्हावयास आणखी दहा वर्षे लागतील. तोवर ही माणसे भेटतील ह्याचा भरवसा काय?

सुट्या भागांचेही असेच. मुंबईत कुर्ला आणि चोरबाजार, कोलकात्यात मल्लिक बाजार, चेन्नईत पुदुपेट, दिल्लीत मायापुरी, ह्या बाजारांतून अजूनही जुने भाग मिळतात. पण काय मागावयाचे हे माहीत असलेल्यालाच मिळतात. मेळाव्यात मात्र ‘माझ्याकडे तशी एक ग्रिल पडली आहे’ असे म्हणणारा भेटतो, कारण त्याला समोरच्या गाडीत रिकामी जागा दिसते. भरलेली जागा पाहून कोणाला घरचा माळा आठवत नाही.

अपुऱ्या गाडीचा आणखी एक गुण जाणकार मानतात, आणि त्यावर मतभेदही आहेत. गाडी पूर्ण करताना आपण तिच्यातील पुष्कळ पुरावा पुसून टाकतो. मूळ रंगाचा थर, कारखान्यातील कामगाराने खडूने केलेली खूण, गादीतील काथ्या, अपघातानंतर कोणा पत्रेवाल्याने हाताने ठोकून बसविलेला तुकडा, हे सारे घासून, लांबी भरून, वर लखलखीत रंग दिला की गाडी सुंदर होते. परंतु ती कोणाची होती हे सांगावयास काही उरत नाही. जगभरच्या जुन्या वाहनांच्या संस्थांचा ‘फिव्हा’ नामक महासंघ १९६६ साली स्थापन झाला. त्याने २०१३ च्या सुमारास स्वीकारलेल्या तुरीनच्या सनदेत शक्य तेथे नव्याने घडविण्यापेक्षा जतनावर भर दिला आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या, सौंदर्यासाठी नावाजलेल्या स्पर्धेतही २००१ पासून न रंगविलेल्या, मूळ स्थितीतील गाड्यांसाठी निराळा वर्ग आहे. म्हणून खोलण्याआधी आणि खोलताना पायरीपायरीने छायाचित्रे घ्यावीत, आणि शक्य असेल तेथे मूळ रंगाचा हातभर तरी तुकडा दरवाजाच्या आतील बाजूस तसाच राखावा. तथापि गंजून चाळण झालेला तळाचा पत्रा ‘मूळ’ म्हणून जपण्याचा आग्रह धरणे हे वेड होय. त्यातून पाय खाली जाईल.

आपल्या देशात ह्या बाबतीत एक खास अडचण आहे. १९७३ नंतर पेट्रोल महागले तेव्हा अनेकांनी मोठ्या अमेरिकन गाड्यांत, पुढे अँबेसेडरमध्येही, निराळी डिझेल इंजिने बसविली. त्या काळी तो शहाणपणाच होता. परंतु २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मागणाऱ्या गाडीच्या चासीत, बॉडीत वा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. मेळाव्यात बॉनेट उघडे ठेवले की असा बदल जाणकाराच्या एका नजरेत ध्यानी येतो, आणि रंगावर पैसा ओतण्याआधी मालकाला सत्य कळते. हे सत्य कटू असले तरी स्वस्त पडते.

आता खबरदारीचे. गाडी दिसावयास अपुरी असली तरी चालेल. थांबण्याच्या कामात अपुरी असता कामा नये. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेकतेल हवेतील ओलावा शोषून घेते, चाकांतील सिलिंडर आतून गंजतात, रबरी वाट्या कडक होतात. पायाला ब्रेक घट्ट लागतो म्हणून तो भरवशाचा आहे असे समजू नये. सर्व वाट्या, नळ्या आणि तेल बदलल्याखेरीज गाडी रस्त्यावर काढू नये. तेच पेट्रोलच्या नळ्यांचे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या काळचे रबर त्याने फुगते व चिरते, आणि गळलेला थेंब तापल्या एक्झॉस्टवर पडला की क्षणात घात होतो. अग्निशामक नळकांडे गाडीत ठेवावे व ते कसे वापरावयाचे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन थेट स्टार्टरने फिरवू नये. पिस्टनच्या कड्या सिलिंडरला चिकटलेल्या असतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून थोडे तेल सोडावे, एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने फिरवून पाहावे.

नोंदणी, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र यांपैकी काहीही अपुरे असेल तर गाडी स्वतःच्या चाकांवर न नेता सपाट ट्रकवर चढवून न्यावी. दोर बांधून ओढीत नेण्याची आपली जुनी सवय ब्रेक नसलेल्या गाडीला फार घातक आहे. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडीही रोजच्या कामास वापरता येत नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन व देखभाल अशा प्रयोजनांसाठीच तिला रस्ता मोकळा आहे.

पावसाळ्याची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. प्रायमर म्हणजे रंग नव्हे. तांबड्या ऑक्साइडचा साधा थर सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपून पत्र्यापर्यंत जाते आणि वरून ठाकठीक दिसणारा दरवाजा आतून गंजू लागतो. कोकणात, मुंबईत किंवा बंगालच्या दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून अस्तरावर असलेली गाडी ऑक्टोबरनंतरच्या कोरड्या दिवसांतच मिरवावी आणि परत आल्यावर कोरड्या फडक्याने पुसून, हवा खेळेल अशा रीतीने झाकावी.

मेळावे सर्व सारखे नसतात. जेथे परीक्षक गुण देतात तेथे अपुऱ्या गाडीला स्पर्धेत प्रवेश मिळेलच असे नाही. संयोजकांना आधी विचारून ‘केवळ पाहण्यासाठी’ जागा मागावी. लहान शहरांतील रविवार सकाळच्या चहाच्या बैठका ह्या कामी अधिक बऱ्या. इंदूर, बडोदा, कोल्हापूर अशा ठिकाणी जुन्या गाड्यांची हौस संस्थानकाळापासून मुरलेली आहे आणि तेथील वडीलधारी मंडळी गाडीपेक्षा गाडीच्या कहाणीत अधिक रमतात.

घरातील इतरांना ह्या उद्योगात ओढण्याचाही हाच मार्ग आहे. एरवी ही हौस एकट्याची असते आणि तिचा खर्च मात्र सर्वांचा. गृहिणीची तक्रार रास्तच म्हणावी लागेल, कारण वाणसामानाची यादी लिहिणाऱ्या हातालाच क्रोमच्या पावत्याही लावून ठेवाव्या लागतात. मैदानात एक सकाळ घालविल्यानंतर ही तक्रार नाहीशी होते असे नाही. पण अनोळखी माणसाने ‘आमच्या लग्नाच्या वरातीला हीच गाडी होती’ म्हणून दरवाजावर हात फिरविला की घरातले लोक आपल्या अंगणातल्या अडगळीकडे निराळ्या डोळ्यांनी पाहू लागतात. मुलांना फलक लिहिण्याचे काम द्यावे. धारदार पत्र्याच्या कडांना फडके बांधणे, गाडीखाली तेलाचे ताट ठेवणे, छायाचित्रांची वही लोकांना दाखविणे, हीही मुले आवडीने करतात.

प्रश्न मात्र ऐकून घेण्याची तयारी हवी. ‘कधी पूर्ण होणार?’ हा पहिला. ‘विकायची आहे का?’ हा दुसरा. तिसरा ‘मायलेज किती देते?’ हा असून तो आपल्या देशात रोल्स-रॉइसलाही चुकत नाही. मग बिचाऱ्या इंजिनाविना आलेल्या गाडीने तरी का सुटावे?

फलक साधा असावा. वर गाडीचे नाव व साल. त्याखाली ती घरात कोणी व केव्हा आणली. मग आजवर झालेले काम: ब्रेक नवे, वायरिंग नवे, इंजिन मूळचे. आणि सर्वांत खाली, लांबून वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, ‘हवे आहे’ असे लिहून यादी द्यावी: डाव्या मागच्या दिव्याची काच, पुढच्या काचेचे रबर, हॉर्नचे बटण, आणि जुन्या फियाटचे काम केलेला कोणी मिस्त्री. शेजारी एक वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल ठेवावी, म्हणजे घाईत असलेल्या माणसालाही नाव आणि पत्ता लिहून जाता येईल.